भंडाऱ्याची १९५४ ची पोटनिवडणूक आणि 'नाही' म्हणणारी माणसे



स्मरणिकेसाठी लेख दे, असा संपादक मंडळाचा निरोप आला, तेव्हा सोबत अटही आली. "तू आयुष्यभर इतिहास शिकवलास, तर आपल्या भागाच्या इतिहासावर काही लिही. प्रार्थनेची घंटा आणि छड्यांच्या आठवणी लिहायला बाकीचे आहेत." अट मला मान्य आहे. तरीही सुरुवात मात्र आपल्या नववीच्या वर्गापासूनच करावी लागते आहे, कारण हा विषय माझ्या डोक्यात पहिल्यांदा तिथेच शिरला.

१९७८ चा पावसाळा. रोवण्याचे दिवस असल्याने अर्धी मुले बांध्यांत होती आणि वर्ग निम्मा रिकामा असायचा. गावातल्या काही मोठ्या माणसांचे आपल्या एका सरांशी बिनसले होते. कशावरून, ते आपल्याला तेव्हा कळले नाही आणि आपण विचारलेही नाही. एके दिवशी मधल्या सुट्टीनंतर एक कागद बाकांवरून फिरू लागला. सर वर्गात शिकवत नाहीत, मुलांना घाणेरड्या शिव्या देतात, असे त्यात लिहिले होते. खाली सह्या करायच्या होत्या. मी सही करणारा तिसरा. कागद काय म्हणतो ते मी वाचलेही नव्हते. पुढच्या दोघांनी केली, म्हणून केली.

कागद मागच्या बाकावर गेला आणि तिथे अडला. आपल्यातल्याच एकाने तो पूर्ण वाचला आणि परत दिला. "सरांनी असं कधी म्हटलं नाही. मी सही नाही करत." एवढेच बोलला. मुलींच्या रांगेतून आणखी एक आवाज आला, "मी पण नाही करत." बाकी सगळ्यांनी सह्या केल्या. सरांची बदली झाली. पुढचा महिनाभर त्या मुलाशी वर्गात कोणी बोलले नाही, कबड्डीत त्याला कोणी घेतले नाही. त्याचे नाव मी लिहीत नाही. तुम्हाला आठवत असेलच, आणि तो संमेलनाला येणार आहे.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्यासोबत राहिला. चाळीस मुले एकीकडे जात असताना एखाद्याला थांबता कसे येते? तो आपल्यापेक्षा धीट नव्हता. मारामारीत तर नेहमी मागे असायचा. पुढे इतिहास शिकवताना हा प्रश्न मी मोठमोठ्या घटनांना विचारत राहिलो. त्याचे सर्वांत चांगले उत्तर मला आपल्याच जिल्ह्यात सापडले. १९५४ ची भंडारा लोकसभा पोटनिवडणूक आणि त्यानंतरची दोन वर्षे. आपल्यापैकी कोणी तेव्हा जन्मलेही नव्हते, पण आपले आईवडील त्या रांगेत उभे होते.

तेव्हाचा भंडारा

त्या काळी भंडारा जिल्हा मध्य प्रदेशात होता, राजधानी नागपूर. आजचा गोंदिया जिल्हाही भंडाऱ्यातच होता. तो १९९९ मध्ये वेगळा झाला. गावात सत्ता म्हणजे मालगुजार. सारावसुली त्याच्याकडे, तलाव-बोड्यांचे पाणी त्याच्या शब्दावर, जंगलातले लाकूड त्याच्या परवानगीने. मालगुजारी रद्द करणारा कायदा १९५० साली झाला आणि ३१ मार्च १९५१ पासून ती संपली. पण कायद्याने हक्क गेले तरी वाड्यासमोरून जाताना चपला हातात घेण्याची सवय एका तारखेला जात नाही. गावचा कोतवाल बहुधा महार समाजाचा असे. मेलेले ढोर ओढणे, निरोप पोचवणे, सरकारी माणूस आला की राबणे, ही कामे त्या समाजाकडे वंशपरंपरेने आलेली. मोबदला म्हणून धान्य मिळे, आणि ते देणाऱ्याच्या मर्जीवर असे.

दुसरी सत्ता बिडीची होती. तेंदूपत्ता आपल्या जंगलात भरपूर, म्हणून गोंदिया-तिरोड्यापासून भंडाऱ्यापर्यंत घरोघर बिड्या वळल्या जात. ठेकेदाराने पुडा खराब म्हटला की मजुरी कापली. पण बिडीची एक दुसरी बाजूही होती. तिची मजुरी रोख मिळे आणि ती मालगुजाराच्या कोठीतून येत नसे. तुमसरकडच्या मॅंगनीजच्या खाणी, नागपूरच्या कापडगिरण्या, घरातले हातमाग यांचेही तसेच. ज्याच्या घरी अशी चार पैशांची वाट होती, त्याला गावातल्या मोठ्या माणसाला नकार देणे थोडे सोपे होते. नकाराचा विचार करताना आपण छातीचे माप काढतो. आधी चुलीकडे पाहायला हवे.

एक निवडणूक रद्द होते

१९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत भंडारा हा दोन खासदारांचा मतदारसंघ होता, एक जागा सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जातींसाठी राखीव. सर्वसाधारण जागेवर काँग्रेसचे चतुर्भुज विठ्ठलदास जसानी निवडून आले. ते गोंदियाच्या मूलजी सिक्का अँड कंपनी या मोठ्या बिडी कारखान्याचे भागीदार होते. कंपनीचा सरकारशी करार होता. सैनिकांसाठी बिड्या पुरवल्या जात. सरकारशी असा व्यवहार असलेल्याला निवडणूक लढवता येत नाही, असे म्हणत काही मतदारांनी निवडणूक अर्ज केला.

त्याच अर्जात दुसरा मुद्दा होता. राखीव जागेसाठी गंगाराम ठवरे यांनी उमेदवारी अर्ज भरला होता. ते जन्माने महार, पण त्यांनी महानुभाव पंथ स्वीकारला होता. पंथ बदलला म्हणजे जात सुटली, असे धरून त्यांचा अर्ज फेटाळला गेला होता.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये निकाल लागला. तो न्यायमूर्ती विवियन बोस यांनी लिहिला; ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. जसानी अपात्र ठरले, आणि ठवरे यांचा अर्ज चुकीने फेटाळला गेला असेही ठरले. माणसाने पंथ बदलला तरी जुना समाज त्याला आपला मानतो का, त्याचे स्वतःचे मन काय सांगते, नवा पंथ काय म्हणतो, हे पाहावे लागेल, असे न्यायालयाने म्हटले. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही वाचतात. मला त्यात एक साधी गोष्ट दिसते. मालगुजारी जाऊन पुरती तीन वर्षेही झाली नव्हती, आणि भंडाऱ्याचे साधे मतदार जिल्ह्यातल्या एका बलाढ्य माणसाविरुद्ध दिल्लीपर्यंत जाऊन जिंकून आले होते.

दोन्ही जागांसाठी पुन्हा मतदान घ्यायचे ठरले, मे १९५४ मध्ये.

दोन मते, आणि एक मोह

राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. १९५१ साली केंद्रीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिल्यानंतर १९५२ ची लोकसभा निवडणूक ते मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले होते. राज्यसभेत ते होते, पण त्यांना लोकसभेत जायचे होते. मधुमेहाने आणि पायांच्या दुखण्याने प्रकृती ढासळली होती. तरीही एप्रिलच्या उन्हात ते भंडाऱ्याला आले. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची प्रजा समाजवादी पक्षाशी युती होती आणि सर्वसाधारण जागेवर त्या पक्षाचे अशोक मेहता उभे होते. राखीव जागेवर आंबेडकरांसमोर काँग्रेसचे भाऊराव बोरकर होते.

आता त्या वेळची मतदानाची पद्धत समजून घेतली पाहिजे, कारण सगळी गोम तिथेच आहे. प्रत्येक मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. आडोशामागे प्रत्येक उमेदवाराची चिन्ह लावलेली वेगवेगळी पेटी असे. दोन मतपत्रिका दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकालाच देता येत नसत. मोजणीच्या वेळी अनुसूचित जातीच्या उमेदवारांपैकी सर्वाधिक मते असलेल्याला आधी राखीव जागा द्यायची. मग उरलेल्या सगळ्यांत ज्याला जास्त मते, त्याला सर्वसाधारण जागा, मग तो कोणत्याही जातीचा असो. म्हणजे राखीव जागेवर हरलेला उमेदवारही मते भरपूर असतील तर सर्वसाधारण जागा जिंकू शकत होता. ही केवळ कागदावरची शक्यता नव्हती. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम मतदारसंघात नेमके हेच झाले. दोन्ही जागा राखीव वर्गातल्या उमेदवारांना मिळाल्या आणि व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले, ते हरले. त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केला नाही.

यातून एक युक्ती निघते. आपल्या लोकांनी एक मत आंबेडकरांना द्यायचे आणि दुसरे कोणालाच द्यायचे नाही. त्या काळी याला 'मत कुजवणे' म्हणत. असे केले तर अशोक मेहतांची मते कमी होणार, आणि राखीव जागा बोरकरांना गेली तरी सर्वसाधारण जागा आंबेडकरांना मिळण्याची शक्यता राहणार. फेडरेशनच्या काही कार्यकर्त्यांनी ही सूचना केली, आणि आंबेडकरांनी ती साफ नाकारली, अशी आठवण त्या चळवळीतल्या माणसांनी सांगून ठेवली आहे. दोन मते आहेत, दोन्ही द्या, एक मित्रपक्षाला द्या, असे त्यांचे सांगणे होते.

ही सूचना देणारे परके नव्हते. रात्रंदिवस पायी फिरणारी, त्यांच्यासाठी जीव द्यायला तयार असलेली त्यांचीच माणसे होती. मालगुजाराला नाही म्हणणे कठीण, हे आपण जाणतो. पण आपल्याच माणसांना, ती आपल्या भल्यासाठी आग्रह करत असताना नाही म्हणणे हे त्याहून कठीण असते. तिथे समोर शत्रू नसतो. समोर प्रेम असते आणि हरण्याची भीती असते.

मग त्यांना ते का जमले? याचे उत्तर १९५२ च्या मुंबईत आहे. तिथेही दोन जागांचा मतदारसंघ होता. मते कुजवण्याचा प्रचार करून आपल्याला पाडले, अशी तक्रार आंबेडकर आणि अशोक मेहता या दोघांनी मिळून केली होती. ती फेटाळली गेली. पण जे करणे चूक आहे असे आपण न्यायाधिकरणासमोर सांगितले, तेच दोन वर्षांनी भंडाऱ्यात आपल्या फायद्यासाठी करायचे, हे त्यांना शक्य नव्हते. शिवाय दोन मतांचा हा अधिकार ज्या संविधानाखाली मिळाला, त्याच्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष होते. मोहाची वेळ आली तेव्हा त्यांना नव्याने काही ठरवायचे नव्हते. ते आधीच ठरलेले होते, आणि चारचौघांत बोललेले होते.

निकाल लागला. बोरकरांना १,४०,८६४ मते. आंबेडकरांना १,३२,४८३. फरक ८,३८१. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले.

शेवटच्या वाक्यात आणखी एक गोष्ट दडलेली आहे. मेहता सर्वसाधारण जागेवर आले, म्हणजे त्यांची मते आंबेडकरांपेक्षा जास्त होती. याचा सरळ अर्थ असा, की मेहतांना मत देणाऱ्या काहींनी तरी दुसरी मतपत्रिका आंबेडकरांच्या पेटीत टाकली नाही. युती होती, नेत्यांनी सांगितले होते, आडोसा होता, कोणी पाहत नव्हते. तरी हात त्या पेटीकडे गेला नाही. गाव काय म्हणेल ही भीती आडोशाआडही माणसाच्या मागे येते.

१,३२,४८३

मी वर्गात हा धडा शिकवायचो तेव्हा मुलांना ८,३८१ हा आकडा लिहून घ्यायला सांगायचो. फार उशिरा माझ्या लक्षात आले, की खरा आकडा दुसरा आहे. १,३२,४८३. सत्तेत असलेला पक्ष, गावातले पुढारी, ठेकेदार, कालपर्यंतचे मालगुजार या सगळ्यांच्या इच्छेविरुद्ध एवढे हात त्या पेटीकडे गेले. त्यांतले बहुतेक निरक्षर होते. ही सगळी माणसे जन्मतःच शूर होती का?

जगात याचा अभ्यास झाला आहे, आणि गंमत म्हणजे तो साधारण याच वर्षांत झाला. अमेरिकेत सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. एक रेघ दाखवायची आणि समोरच्या तीन रेघांपैकी तिच्याएवढी कोणती, ते विचारायचे. उत्तर लहान मुलालाही दिसेल असे. पण खोलीतले बाकी सगळे आधी पढवलेले, ते मुद्दाम चुकीचे उत्तर देणार. अशा वेळी खरा परीक्षार्थी साधारण एक तृतीयांश वेळा डोळ्यांना दिसते ते सोडून घोळक्याचे उत्तर द्यायचा. पुढे ॲशने एक बदल केला. घोळक्यात एकच माणूस खरे उत्तर देणारा ठेवला. चुकीची उत्तरे पूर्वीच्या जवळपास चौथ्या हिश्श्यावर आली. सोबतीला एक माणूस पुरला.

स्टॅन्ली मिलग्रमचा १९६१ पासूनचा येल विद्यापीठातला प्रयोग तुमच्यापैकी अनेकांनी ऐकला असेल. समोरच्याला विजेचा झटका द्या, असे राखाडी कोट घातलेला माणूस सांगतो. झटका खोटा असतो, पण देणाऱ्याला ते माहीत नसते. चाळीसपैकी सव्वीस जण शेवटच्या ४५० व्होल्टपर्यंत गेले. हा आकडा सगळे सांगतात. त्याच प्रयोगाचा दुसरा आकडा फारसा कोणी सांगत नाही. शेजारी बसलेल्या दोघांनी "आम्ही हे करणार नाही" म्हणून हात काढून घेतला, तेव्हा चाळीसपैकी फक्त चारच जण शेवटपर्यंत गेले. माणसे तशीच, खोली तशीच. फक्त नाही म्हणणारा कोणीतरी आधी दिसला होता.

भंडाऱ्याच्या त्या रांगांत हेच होते. फेडरेशनची गावोगावची शाखा, समता सैनिक दलाची मुले, रात्रीच्या सभा, भजनी मंडळींनी म्हटलेली भीमगीते. एकटा माणूस पेटीपर्यंत जात नव्हता. त्याच्यासोबत मोहल्ला जात होता.

नागपूरची वाट

त्यानंतर दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो अनुयायांना दिली. आपल्या शहापुरावरून नागपूरकडे जाणारा रस्ता तेव्हा आजच्यासारखा चौपदरी नव्हता. भाकरी फडक्यात बांधून, लेकरे खांद्यावर घेऊन, पांढरी लुगडी आणि पांढरे सदरे घालून माणसे त्या रस्त्याने गेली, असे मी लहानपणी आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. काही पायी, काही बैलबंडीने, काही वरठीहून रेल्वेने.

तिथे त्यांनी उभे राहून मोठ्याने बावीस प्रतिज्ञा म्हटल्या. ही 'मोठ्याने' म्हणण्याची गोष्ट मला महत्त्वाची वाटते. ॲशचा प्रयोग पुढे नेत मॉर्टन डॉइच आणि हॅरॉल्ड जेरार्ड यांनी १९५५ मध्ये एक गोष्ट दाखवली. ज्याने इतरांचे ऐकण्याआधी आपले उत्तर कागदावर लिहून ठेवले आणि ते टिकणार हे त्याला ठाऊक होते, तो सहसा घोळक्याबरोबर बदलत नाही. ज्याने मनातच ठेवले, तो लवकर बदलतो. नागपुरात प्रतिज्ञा म्हटलेला माणूस गावी परतला, तेव्हा ढोर ओढायला ये, असे बोलावणे आले. त्याला त्या क्षणी धैर्य गोळा करायचे नव्हते. तो आधीच बोलून आला होता, आणि शेजारच्या घरातले लोकही तेच बोलून आले होते.

याची किंमत द्यावी लागली. गावोगाव कामे बंद झाली, पाण्यावरून आणि वाटेवरून भांडणे झाली. धर्म बदलला म्हणून अनुसूचित जातीच्या सवलतीही गेल्या. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये राज्याच्या सवलती मिळू लागल्या, पण केंद्राच्या सवलतींसाठी १९९० पर्यंत वाट पाहावी लागली. चौतीस वर्षे. एवढे ठाऊक असते तर किती जण गेले असते, असा प्रश्न एकदा मी एका वयोवृद्ध गृहस्थांना विचारला. ते हसले. म्हणाले, "पोरा, आधीचं काय कमी महाग होतं?"

एकट्याचे काय होते

इथे थांबलो तर लेख गोड होईल, पण खोटा होईल. आपल्याच जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजी गावात २९ सप्टेंबर २००६ रोजी एका बौद्ध कुटुंबातल्या चौघांना गावाच्या जमावाने ठार मारले. आई, मुलगी आणि दोन मुलगे. मारहाणीच्या एका प्रकरणात त्या आईने साक्ष दिली होती. साक्ष मागे घेतली नाही, शेतातून जाणाऱ्या वाटेच्या वादात मान तुकवली नाही. तिच्यात धैर्य कमी होते का? उलट, ज्यांच्याबद्दल मी वर लिहिले त्यांच्यापेक्षा ते कणभरही कमी नव्हते. कमी होते ते शेजारी उभे राहणारे दुसरे माणूस. त्या संध्याकाळी गावात एका घराचे दार उघडले असते, एकाने मोठ्याने "थांबा" म्हटले असते, तर काय झाले असते ते सांगता येत नाही. पण मिलग्रमचे चाळीसपैकी चार मला त्या गावाचा विचार करताना आठवतात.

म्हणून नकार देणाऱ्याचे कौतुक करताना मी आता जरा जपून बोलतो. तो एकटा उभा राहिला, असे आपण अभिमानाने सांगतो. त्याला एकटे कोणी ठेवले, हेही विचारायला हवे.

परत नववीच्या वर्गात

काही वर्षांपूर्वी एका लग्नात आपला तो मित्र पंगतीत माझ्या शेजारी बसला होता. इतक्या वर्षांनी धीर करून मी विचारले, "तेव्हा भीती नाही वाटली?"

"वाटली ना," तो म्हणाला. "पण मी वाचलं होतं. वाचल्यावर सही कशी करणार?" थोड्या वेळाने म्हणाला, "अन् तिनं पण नाही म्हटलं ना. मग बरं वाटलं."

तीस वर्षे मी पुस्तकांत शोधत होतो, ते त्याने वरण-भात कालवता कालवता सांगितले. घोळका काय म्हणतो हे ऐकण्याआधी त्याने कागद स्वतः वाचला होता. आणि 'मी पण' म्हणणारी एक जण वर्गात होती. आंबेडकरांचा नकार आणि आपल्या मित्राचा नकार यांच्यात मोठेपणाचे अंतर आहे, ते मी पुसू पाहत नाही. पण दोघांचेही आधी ठरलेले होते. आणि त्या दिवशी वर्गातल्या तिसऱ्या सहीवाल्याने, म्हणजे मी, फक्त वाचायचे कष्ट घेतले असते तर नाही म्हणणारे तिघे झाले असते. तिघांनंतर कदाचित दहा.

गुरुजनांना एक विनंती आहे. शाळेत आपण मुलांना रांगेत उभे राहायला शिकवतो, ते आवश्यकच आहे. त्यासोबत सही करण्याआधी कागद वाचायलाही शिकवावे, आणि वर्गात एखादे मूल एकटे पडले तर त्याच्या शेजारच्या बाकावर जाऊन बसायलाही शिकवावे. मी स्वतः तीस वर्षे शिकवले, पण हे शिकवायचे राहून गेले. ती माझीही चूक आहे.

ज्या सरांविरुद्ध तो कागद होता, ते आता हयात नाहीत. त्यांची माफी मागायची संधी माझ्या हातून गेली. त्या दोघांची मात्र नाही. संमेलनाच्या दिवशी आपल्या जुन्या वर्गात बसायचा कार्यक्रम आहे, असे पत्रिकेत वाचले. मी मागच्या बाकावर बसणार आहे, त्याच्या शेजारी. तुमच्यापैकी ज्यांनी माझ्यासारखी सही केली होती, त्यांनीही तिकडे यावे. बाक लहान आहे, पण सरकून घेऊ.